ॲल्युमिनियमचे वेल्डिंग : पद्धती, साधने आणि सांध्याची विश्वासार्हता

चंडीगडच्या विमानतळालगत मोहाली येथे वसलेल्या एयरोसिटीजवळून ये-जा करणारी प्रवासी विमाने आणि पुणे मेट्रोचे डबे यांच्यात एक साम्य आहे. दोहोंच्या बांधणीत ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंचा मोठा वाटा आहे. मात्र त्यांचे भाग एकमेकांना जोडण्याची रीत अगदी भिन्न आहे. ए-३२० वर्गातील विमानाच्या कवचाचे पत्रे प्रामुख्याने रिव्हेटांनी जोडलेले असतात, तर मेट्रोच्या डब्याचे लांबलचक पट्टे वेल्डिंगने सांधले जातात. रेल्वेच्या मालगाड्यांत याच धातूचा तिसरा प्रकार पाहावयास मिळतो. १६ ऑक्टोबर २०२२ रोजी भुवनेश्वर येथून रवाना झालेल्या ॲल्युमिनियमच्या वाघिणींच्या गाडीत वाघिणींचा वरचा भाग वेल्डिंग न करता लॉकबोल्टने जोडण्यात आला होता. ही गाडी नेहमीच्या गाडीपेक्षा सुमारे १८० टन हलकी असल्याचे त्या वेळी जाहीर करण्यात आले होते.

एकाच धातूसाठी तीन वेगळे मार्ग का पत्करावे लागतात, या प्रश्नाचे उत्तर ॲल्युमिनियमच्या स्वभावात दडलेले आहे. हा धातू वितळवणे सोपे आहे; मात्र त्याचा भरवशाचा सांधा करणे अवघड आहे. पोलादावर वर्षानुवर्षे काम केलेला कुशल कारागीरही ॲल्युमिनियमसमोर प्रथम अडखळतो. शिवाय वरून गुळगुळीत, चकचकीत दिसणारा सांधा आतून पोकळ किंवा नरम असू शकतो. प्रवासी डबे, इंधनाच्या टाक्या, शिड्या आणि वाहनांचे भाग या धातूचे होऊ लागल्याने हा प्रश्न आता केवळ कारखान्यांपुरता उरलेला नाही.

न दिसणारा अडथळा

ॲल्युमिनियम सुमारे ६६० अंश सेल्सिअस तापमानाला वितळते. पोलादाला त्यासाठी सुमारे १,५०० अंश लागतात. या तुलनेवरून ॲल्युमिनियमचे काम अधिक सोपे असावे, असा समज होतो. प्रत्यक्षात या धातूचा पृष्ठभाग हवेच्या संपर्कात येताच त्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर तयार होतो. त्याची जाडी अवघी काही नॅनोमीटर असते. हाच थर ॲल्युमिनियमला गंजण्यापासून वाचवतो. वेल्डिंगच्या वेळी मात्र तोच मुख्य अडसर ठरतो, कारण त्याचा द्रवणांक २,००० अंशांहून अधिक आहे. परिणामी वरची साय घट्ट राहते आणि तिच्याखाली धातू वितळून जातो. दोन तुकड्यांच्या कडा वितळल्या तरी या सायीमुळे त्या एकजीव होत नाहीत. तिचे तुकडे सांध्यात अडकल्यास तेथे तडा जाण्यास जागा निर्माण होते.

दुसरी अडचण उष्णतेची आहे. ॲल्युमिनियम हे साध्या पोलादाच्या कित्येक पटींनी उत्तम उष्णतावाहक आहे. दिलेली उष्णता सांध्याजवळ न थांबता सर्व पत्र्यात पसरते. त्यामुळे सुरुवातीला धातू वितळत नाही, तर काही सेंटिमीटर पुढे गेल्यावर संपूर्ण तुकडा तापल्याने अचानक भोक पडते. पोलाद तापताना लाल होते व कारागिराला इशारा देते. ॲल्युमिनियम वितळेपर्यंत लाल होत नाही. रंगाची वाट पाहणाऱ्या शिकाऊ कामगारासमोर पत्रा एकाएकी खाली कोसळतो, तो यामुळेच.

तिसरी अडचण हायड्रोजनची. द्रवरूप ॲल्युमिनियममध्ये हायड्रोजन मोठ्या प्रमाणात विरघळतो. धातू घट्ट होताच मात्र ही क्षमता सुमारे वीसपटीने कमी होते. बाहेर पडू न शकलेला वायू लहान लहान बुडबुड्यांच्या रूपाने सांध्यात अडकतो. हा हायड्रोजन तेल, ग्रीस, रंग आणि विशेषतः ओलावा यांतून येतो. पावसाळ्यात कोकणात किंवा घाटमाथ्यावर साठवलेल्या पत्र्यावरील दमटपणा याच कारणासाठी घातक ठरतो.

याशिवाय तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते आणि घट्ट होताना त्याचे आकारमान सुमारे सहा टक्क्यांनी घटते. या ओढाताणीमुळे पत्रा वाकतो आणि काही मिश्रधातूंत सांधा थंड होता होताच तडकतो. वेल्डिंगची प्रत्येक पद्धत आणि प्रत्येक उपकरण या अडचणींवरील उपाय म्हणूनच घडत गेले आहे.

आर्गन वेल्डिंग

महाराष्ट्रातील औद्योगिक वसाहतींत आणि गॅरेजच्या रांगांत 'आर्गन वेल्डिंग' अशा पाट्या सर्रास आढळतात. तांत्रिक भाषेत या पद्धतीस टिग वेल्डिंग म्हणतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४०च्या दशकाच्या आरंभी, अमेरिकेतील नॉर्थ्रॉप या विमान कंपनीत रसेल मेरेडिथ यांनी मॅग्नेशियम जोडण्यासाठी ती विकसित केली. त्या वेळी संरक्षक वायू म्हणून हेलियम वापरला जात असे. आज बहुतेक ठिकाणी आर्गन वापरला जातो.

या पद्धतीत टंगस्टनची न वितळणारी सळई आणि जोडावयाचा धातू यांच्यात विजेचा आर्क पेटवला जातो. कारागीर एका हातात टॉर्च धरतो आणि दुसऱ्या हाताने भरणधातूची काडी वितळलेल्या डबक्यात थोडी थोडी बुडवतो. सभोवार सोडलेला आर्गन वायू हवेला दूर ठेवतो.

ऑक्साइडच्या थराचा बंदोबस्त येथे वीजप्रवाहाच्या दिशेने केला जातो. टंगस्टन ऋण बाजूस असताना बहुतांश उष्णता पत्र्यावर पडते आणि धातू चांगला वितळतो, परंतु वरचा थर तसाच राहतो. टंगस्टन धन बाजूस असताना थर फुटून निघतो, पण उष्णता टंगस्टनवर पडून त्याचे टोक वितळू लागते. यावर तोडगा म्हणून एसी, अर्थात प्रत्यावर्ती प्रवाह वापरतात. त्यात दोन्ही अवस्था सेकंदात अनेकदा आलटून पालटून येतात. एक अर्धचक्र धातू वितळवते, दुसरे थर साफ करते. सांध्याच्या दोन्ही कडांना जो पांढुरका पट्टा दिसतो, ती या साफसफाईची खूण होय.

जुन्या ट्रान्सफॉर्मर यंत्रांत या दोन अवस्थांचे प्रमाण कारागिराच्या हाती नव्हते आणि प्रवाह ५० हर्ट्झलाच बांधलेला असे. इन्व्हर्टर यंत्रांनी हे चित्र पालटले. त्यात साफसफाई व वितळण यांचे प्रमाण स्वतंत्रपणे ठरवता येते. सामान्यतः सुमारे ७० टक्के वेळ वितळणीसाठी दिला जातो. वारंवारता वाढवली की आर्क अरुंद व स्थिर होतो आणि पातळ पत्र्याच्या कोपऱ्यात नेमके काम करता येते.

लहान कार्यशाळेने यंत्र घेताना त्यावर एसी व डीसी हे दोन्ही पर्याय असल्याची खात्री करणे आवश्यक आहे. केवळ डीसी टिग यंत्र स्टेनलेस स्टीलसाठी उत्तम असले तरी ॲल्युमिनियमच्या नेहमीच्या कामाला उपयोगी पडत नाही. स्पर्शाविना आर्क पेटवण्याची सोय, प्रवाह कमी-जास्त करणारे पायाचे पेडल आणि वायुप्रवाह लिटरमध्ये दाखवणारा रेग्युलेटर ही अन्य महत्त्वाची साधने होत. प्रत्येक मिलिमीटर जाडीस सुमारे ४० अँपिअर हा ढोबळ हिशेब प्रचलित आहे. त्यानुसार ३ मिलिमीटरच्या पत्र्याला सुमारे १२० अँपिअर लागतात. जाड कामासाठी पाण्याने थंड होणारा टॉर्च घ्यावा लागतो. आर्गन शुद्ध असावा लागतो व त्याचा प्रवाह साधारणतः मिनिटाला ८ ते १२ लिटर ठेवला जातो. पंख्याचा किंवा वाऱ्याचा झोत टॉर्चवर आल्यास हे आवरण उडून जाते. त्यामुळे उघड्यावरील कामासाठी आडोसा करावाच लागतो.

टंगस्टनच्या सळयांच्या निवडीतही बदल झाला आहे. थोरियमयुक्त सळया अल्प प्रमाणात किरणोत्सर्गी असतात. त्या घासताना उडणारी धूळ श्वासावाटे जाण्याचा धोका असल्याने लँथेनम किंवा झिर्कोनियमयुक्त सळयांचा वापर वाढला आहे.

मिग : वेगाची पद्धत

टिग पद्धतीने नेटके काम होते, पण ते संथ असते. बसचा सांगाडा, दुधाचा टँकर किंवा रेल्वेचा डबा यांसारख्या लांब सांध्यांसाठी मिग पद्धत वापरली जाते. तिच्यात तार हीच विद्युतवाहक असते आणि तीच वितळून सांधा भरते. १९४८ मध्ये अमेरिकेतील बॅटेल संशोधन संस्थेत विकसित झालेली ही पद्धत मुळात ॲल्युमिनियमसारख्या धातूंसाठीच होती. पोलादाकडे ती नंतर वळली.

पोलादासाठी वापरले जाणारे 'सीओटू' यंत्र ॲल्युमिनियमची तार घालून तसेच चालवता येईल, असा समज अनेक ठिकाणी आढळतो. तो चुकीचा आहे. कार्बन डायऑक्साइड तप्त ॲल्युमिनियमशी संयोग पावतो व सांधा काळा आणि निकृष्ट होतो. येथे शुद्ध आर्गन किंवा जाड कामासाठी आर्गन व हेलियम यांचे मिश्रण लागते.

तारेचा मऊपणा ही दुसरी समस्या आहे. पोलादाची तार नळीतून कित्येक मीटर ढकलता येते. ॲल्युमिनियमची तार मात्र मध्येच दुमडते आणि चाकांभोवती तिचा गुंता होतो. यासाठी यंत्रात काही फेरफार करावे लागतात. तार चेपली जाऊ नये म्हणून 'यू' आकाराच्या खाचेची चाके बसवतात. पोलादी स्प्रिंगच्या अस्तराऐवजी टेफ्लॉन किंवा नायलॉनचे अस्तर घालतात. तारेचे छोटे रीळ थेट बंदुकीवरच बसवणारी स्पूल गन किंवा एका टोकाने ढकलणारी व दुसऱ्या टोकाने ओढणारी पुश-पुल गन हे अधिक खात्रीचे उपाय आहेत. बंदूक नेहमी पुढे ढकलत न्यावी लागते. ती मागे ओढल्यास वायूचे आवरण मागे राहते आणि काजळी धरते.

पल्स मिग यंत्रांत प्रवाह सतत उंचावतो व खाली येतो. प्रत्येक उसळीत तारेचा साधारणतः एक थेंब सुटतो. त्यामुळे एकूण उष्णता कमी लागते आणि पातळ पत्राही भोक न पडता जोडता येतो. यंत्रमानवाच्या साहाय्याने होणाऱ्या वेल्डिंगमध्ये ही पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली जाते.

न वितळवता जोड

डिसेंबर १९९१ मध्ये इंग्लंडमधील केंब्रिजजवळच्या 'द वेल्डिंग इन्स्टिट्यूट' या संस्थेने एका वेगळ्या पद्धतीचे पेटंट मागितले. फ्रिक्शन स्टर वेल्डिंग या नावाने ती ओळखली जाते. मराठीत तिला घुसळण-जोड म्हणता येईल. यात कठीण पोलादाचे फिरते हत्यार दोन पत्र्यांच्या फटीत दाबले जाते व पुढे सरकवले जाते. घर्षणाने धातू वितळत नाही, तर लोण्यासारखा मऊ होतो. रवीने घुसळल्याप्रमाणे दोन्ही बाजूंचा धातू एकमेकांत मिसळतो व जागीच घट्ट होतो.

धातू द्रवरूप होतच नसल्याने हायड्रोजनचे बुडबुडे आणि थंड होतानाचे तडे हे दोन्ही प्रश्न जवळपास मिटतात. आर्क, धूर किंवा भरणधातूही लागत नाही. आर्कने जोडताना तडकणारे मिश्रधातूही या पद्धतीने जोडता येतात. प्रक्षेपकांच्या इंधन-टाक्या, जलद रेल्वेगाड्यांचे डबे आणि विद्युत मोटारींच्या बॅटऱ्यांचे तळ यांसाठी तिचा वापर होतो. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेच्या प्रक्षेपकांच्या द्रव इंधनाच्या टाक्या वेल्डिंगला अनुकूल अशा २२१९ या मिश्रधातूच्या असतात. तेथे टिग वेल्डिंगच्या जोडीला ही पद्धतही स्वीकारण्यात आली आहे.

तिच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. तुकडे अत्यंत घट्ट जखडून ठेवावे लागतात, यंत्र अवजड व महाग असते आणि हत्यार बाहेर काढताना शेवटी एक भोक उरते. त्यामुळे दुरुस्तीच्या किंवा वेड्यावाकड्या आकाराच्या कामासाठी ती सोयीची नाही.

मिश्रधातूची ओळख महत्त्वाची

बाजारात 'ॲल्युमिनियम' या एकाच नावाने मिळणारे पदार्थ प्रत्यक्षात निरनिराळ्या कुळांतील असतात. त्यांना चार अंकी क्रमांक दिलेले आहेत. मॅग्नेशियमयुक्त ५००० मालिकेतील ५०८३ हा मिश्रधातू जहाजे व टाक्यांसाठी वापरला जातो व तो वेल्डिंगला चांगला प्रतिसाद देतो. मॅग्नेशियम व सिलिकॉन असलेल्या ६००० मालिकेतून दारे-खिडक्यांचे साचे, सांगाडे व डब्यांचे पट्टे तयार होतात. हे मिश्रधातू भरणधातूविना जोडल्यास तडकतात. तांबे असलेला २०२४ आणि जस्त असलेला ७०७५ हे विमानबांधणीतील अत्यंत बळकट मिश्रधातू आर्कने जोडण्यास अयोग्य मानले जातात. विमानात रिव्हेटांचे राज्य टिकून राहण्यामागे हे एक प्रमुख कारण आहे. रिव्हेटांमुळे धातूचे मूळ बळ कायम राहते आणि एका पत्र्यातील तडा सहसा शेजारच्या पत्र्यात शिरत नाही. एअरबसने ए-३१८ व ए-३८० या विमानांच्या कवचाचे काही भाग लेझरने जोडले. परंतु त्यासाठी वेल्डिंगला अनुकूल मिश्रधातू निवडण्यात आले.

भरणधातूही मूळ धातू पाहूनच निवडावा लागतो. ४०४३ या तारेत सुमारे पाच टक्के सिलिकॉन असते. ती सहज पसरते, तडे रोखते आणि गरम राहणाऱ्या भागांना चालते. ५३५६ या तारेत सुमारे पाच टक्के मॅग्नेशियम असते. ती अधिक बळकट सांधा देते, पण सतत ६५ अंशांहून अधिक तापणाऱ्या वस्तूंसाठी ती वर्ज्य मानली जाते, कारण तेथे कालांतराने ताणजन्य क्षरणाचे तडे पडू शकतात. म्हणजेच रेडिएटरच्या टाकीसाठी एक तार, तर शिडीसाठी दुसरी. नंतर ॲनोडायझिंग करावयाचे असल्यास ४०४३चा सांधा काळपट दिसतो, हेही लक्षात ठेवावे लागते.

सांध्याशेजारची नरम पट्टी

६००० मालिकेतील मिश्रधातूंचे बळ ठरावीक तापमानाच्या उष्णोपचारातून येते. वेल्डिंगच्या उष्णतेने सांध्याच्या दोन्ही बाजूंस सुमारे २५ मिलिमीटरपर्यंतच्या पट्टीत हा उपचार विस्कटतो. ६०६१-टी६ या प्रचलित मिश्रधातूची किमान ताणशक्ती प्रति चौरस मिलिमीटर २६० ते २९० न्यूटन इतकी धरली जाते. वेल्डिंगनंतर रचनाकारास ती केवळ १६५ न्यूटन धरावी लागते. कारागीर कितीही कुशल असला तरी ही घट टळत नाही. त्यामुळे कमकुवतपणा सांध्यात नसून त्याच्या शेजारी असतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही.

या वस्तुस्थितीची तीव्र जाणीव एका अपघाताने करून दिली. ५ ऑक्टोबर १९९९ रोजी लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकाजवळ लॅडब्रोक ग्रोव्ह येथे दोन प्रवासी गाड्यांची समोरासमोर टक्कर होऊन ३१ जणांचा मृत्यू झाला. अपघाताचे तात्कालिक कारण धोक्याचा सिग्नल ओलांडला जाणे हे होते, वेल्डिंग नव्हे. मात्र ॲल्युमिनियमच्या डब्यांचे काही लांब सांधे चेन उघडावी तसे सलग उकलत गेल्याचे आढळले. लॉर्ड कलन यांच्या चौकशी अहवालाने या बाबीची दखल घेतली. त्यानंतर युरोपात ॲल्युमिनियमच्या डब्यांच्या सांध्यांवर विशेष संशोधन झाले.

त्यातून पुढे आलेले तत्त्व सोपे आहे. सांधा मूळ धातूइतका बळकट करता येत नसेल, तर सांध्यालगतचा धातूच अधिक जाड ठेवावा. मग आघात झाल्यास ताण अरुंद नरम पट्टीत एकवटत नाही, तर संपूर्ण पट्ट्यावर पसरतो. साच्यातून काढलेल्या पोकळ पट्ट्यांना हव्या त्या जागी जाडी देता येते. रेल्वेच्या वाहनांवरील वेल्डिंगसाठी युरोपात 'ईएन १५०८५' ही मानकमाला लागू आहे. तिच्यात प्रत्येक सांध्याचे सुरक्षेच्या दृष्टीने वर्गीकरण व त्यानुसार तपासणी अपेक्षित असते.

पुणे मेट्रोची सेवा ६ मार्च २०२२ रोजी सुरू झाली. तिच्यासाठी तीन डब्यांच्या ३४ गाड्या, म्हणजे १०२ डबे पुरवण्याचे काम टिटागड समूहाकडे देण्यात आले. सुरुवातीच्या काही गाड्यांचे काम इटलीत आणि उर्वरित गाड्यांचे पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथील कारखान्यात अशी विभागणी होती. पोलादाच्या सुमारे एकतृतीयांश घनतेच्या या धातूमुळे डबा हलका होतो व प्रत्येक वेळी वेग घेताना विजेची बचत होते. स्थानके जवळजवळ असलेल्या मेट्रोत ही बचत रोज शेकडो वेळा होते. या लाभाचा आधार लांब सांध्यांची गुणवत्ता हाच आहे.

निम्मे काम आर्क पेटण्यापूर्वी

लहान कार्यशाळांत होणाऱ्या चुकांचे मूळ बहुधा पूर्वतयारीत असते. प्रथम ॲसिटोनसारख्या द्रावकाने तेल व ग्रीस पुसून काढावे. ते पूर्ण वाळल्यावरच स्टेनलेस स्टीलच्या तारांच्या ब्रशाने ऑक्साइडचा थर खरवडावा. हा क्रम उलटा झाल्यास ब्रश तेल धातूत अधिकच चोळतो. पोलादावर वापरलेला ब्रश ॲल्युमिनियमवर वापरू नये, कारण लोखंडाचे कण रुतून बसतात. खरवडल्यानंतर काही तासांतच काम उरकावे, अन्यथा थर पुन्हा वाढतो. भरणधातूची काडीही पुसून घ्यावी.

जाड तुकडे किंचित तापवून घेतल्यास ओलावा निघून जातो व प्रारंभीचा थंड सांधा टळतो. मात्र ६००० मालिकेसाठी हे तापमान सुमारे १२० अंशांपलीकडे नेऊ नये, कारण त्याने धातूचे बळ आणखी घटते.

इंजिनाच्या झाकणासारख्या ओतीव भागांत वर्षानुवर्षांचे तेल मुरलेले असते. तेथे पहिला थर घालून तो घासून काढावा लागतो व मगच मूळ सांधा करावा लागतो. मोटारींच्या अलॉय चाकांचा प्रश्न अधिक गंभीर आहे. ही चाके ओतल्यानंतर उष्णोपचाराने बळकट केलेली असतात. तडा गेलेल्या जागी वेल्डिंग केल्यास तडा दिसेनासा होतो, पण त्याभोवतीचा भाग नरम पडतो. खड्ड्यातील आघात नेमका याच भागावर येतो. त्यामुळे आरे किंवा कडा तडकलेले चाक बदलणे हाच सुरक्षित पर्याय आहे.

कामगाराचे आरोग्य

ॲल्युमिनियमचा पृष्ठभाग अतिनील किरण परावर्तित करतो. त्यामुळे मुखवट्याखालून, मानेवर व उघड्या हातांवर भाजल्यासारखे चट्टे उठतात. आर्कभोवतीच्या हवेत ओझोन वायू तयार होतो व तो फुप्फुसांना अपायकारक असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगचा धूर व त्यातील अतिनील किरणे यांचा मानवात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात समावेश केला. धूर नाकाजवळूनच खेचून घेणारी नळी ही चैनीची वस्तू नाही, हे त्यावरून स्पष्ट होते.

आर्गनला वास नाही आणि तो हवेपेक्षा जड आहे. टँकर किंवा टाकीच्या तळाशी तो साचतो आणि कामगाराला कल्पना येण्यापूर्वीच शुद्ध हरपते. अशा बंदिस्त जागेत खेळती हवा, प्राणवायू मोजणारे उपकरण आणि बाहेर लक्ष ठेवणारा सहकारी या तिन्हींची आवश्यकता असते. इंधनाची टाकी रिकामी दिसली तरी आतील वाफ स्फोटास पुरेशी असते. क्लोरिनयुक्त द्रावकाने पुसलेल्या पत्र्यावर आर्क पेटवल्यास फॉस्जीन हा विषारी वायू निर्माण होऊ शकतो. ॲल्युमिनियमची बारीक धूळ पेट घेते. म्हणून पोलाद घासण्याच्या जागी ती साचू देऊ नये. पोलादासाठीची चाके ॲल्युमिनियमने भरून जातात व फुटू शकतात, त्यामुळे या धातूसाठीची वेगळी चाके वापरावीत.

तपासणी आणि प्रशिक्षण

सांध्याची परीक्षा केवळ नजरेने होत नाही. रंगीत भेदक द्रव लावून पृष्ठभागावरील तडे शोधता येतात. आतील बुडबुड्यांसाठी क्ष-किरण किंवा श्राव्यातीत ध्वनिलहरींची चाचणी करावी लागते. लहान कार्यशाळेसाठी नमुन्याचा तुकडा वाकवून किंवा तोडून पाहणे हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे. तुटलेल्या जागी भोके दिसली, तर स्वच्छता किंवा वायू यांत दोष आहे. कडा एकजीव न झालेल्या दिसल्या, तर उष्णता अपुरी पडली आहे.

वेल्डरांच्या पात्रता परीक्षेच्या आंतरराष्ट्रीय मानकांत पोलाद व ॲल्युमिनियम यांसाठी स्वतंत्र भाग आहेत. 'आयएसओ ९६०६' या मालेतील पहिला भाग पोलादाचा, तर दुसरा ॲल्युमिनियमचा आहे. पहिल्या भागाचे प्रमाणपत्र दुसऱ्यासाठी ग्राह्य ठरत नाही. भारतात औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधून वेल्डर हा व्यवसाय शिकवला जातो. मिग व टिग या पद्धतींवर भर देणारा स्वतंत्र अभ्यासक्रमही आहे. तिरुचिरापल्ली येथील वेल्डिंग संशोधन संस्थेत उच्च प्रशिक्षणाची सोय आहे. वाहन उद्योगात पोलादावर काम करणाऱ्या तरुणांसाठी ही पात्रता रोजगाराची नवी वाट ठरू शकते. तथापि यंत्र खरेदी केल्याने ती प्राप्त होत नाही, तर त्यासाठी स्वतंत्र सराव करावा लागतो.

ग्राहकासाठीही यातून काही व्यवहार्य प्रश्न निघतात. दुरुस्तीसाठी दिलेल्या वस्तूचा मिश्रधातू कोणता आहे? कोणती तार वापरली जाणार आहे? ती वस्तू भार पेलणारी, तापणारी किंवा दाब सोसणारी आहे काय? पाण्याचा डबा, दाराची चौकट किंवा शोभेचा कठडा यांच्या बाबतीत चूक झाल्यास नुकसान थोडक्यात निभावते. शिडी, चाक, इंधनाची टाकी किंवा वाहनाचा सांगाडा यांच्या बाबतीत मात्र तीच चूक जिवावर बेतू शकते. या प्रश्नांची उत्तरे मिळत नसतील, तर तो भाग बदलून घेणे किंवा रिव्हेट व बोल्ट यांचा अवलंब करणे अधिक शहाणपणाचे ठरते. विमाने आणि वाघिणी बांधणाऱ्यांनीही अनेक ठिकाणी हाच मार्ग स्वीकारला आहे.